एक जानेवारी

धोपाव्याहून फेरीत स्कूटर घातली. डिकीत
स्क्रूड्रायव्हर, जुना कीबोर्ड, थोडा कापूस,
आणि कानात रुकय्याभाभींचं फोनवरचं वाक्य:
"पत्रं येतात, भाऊ. जात नाहीत."

दाभोळात ओहोटी होती.
सारंगांच्या घरी संगणकावर क्रोशाचा रुमाल,
मागचे स्क्रू गंजून एकजीव.
आमच्या बाजूला यंत्रंसुद्धा माशांसारखी खारवतात.

मेलचा प्रोग्रॅम तहसीनने टाकलेला,
रत्नागिरीला शिकायला गेली त्याच्या आदल्या रात्री.
नेट इथे दहा मिनिटं असतं, मग वीस मिनिटं नसतं,
म्हणून पत्रं घरात उतरवून ठेवायची ही सोय.
येणाऱ्या वाटेला पोरीने कुलूप लावलं नव्हतं,
जाणाऱ्या वाटेला लावलं होतं.
कय्यूमभाई टँकरवर मोटरमन. सध्या कुठे?
"मागच्या पत्रात सुएझला होते," भाभी म्हणाल्या,
मगाशी बाजारात दिसले म्हणावं तसं.

नाव तपासलं, बरोबर. पासवर्ड
त्यांनी वहीतून हळूच वाचला, वही परत उशीखाली.
पोर्टचा आकडा बदलला, पुन्हा होता तोच केला.
प्रोग्रॅमचं एकच पालुपद:
समोरच्याच्या ओळखपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही.

अजून सुरू झालेली नाही?
तेव्हा कुठे खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं.
एक जानेवारी, दोन हजार चार.
रात्रीचे बारा चाळीस.
बाहेर तर लख्ख ऊन.

आत एक गोल सेल असतो, रुपयाएवढा.
वीज गेली की तारीख तो धरून ठेवतो. तो कधीच मेलेला.
म्हणजे या घरात लाईट गेली की गेले दिवस,
लाईट आली की परत नवं वर्ष.

पाठवायच्या खणात अकरा पत्रं,
अकराही एकाच तारखेची.
मी लोकांची पत्रं वाचत नाही, पण विषय दिसतातच.
पंपाची मोटर जळली.
तहसीनची फी.
मोटर झाली.
तुमच्या आईचा डोळा.
होड्या उतरल्या, बांगडा नाही.
काही नाही.
परत काही नाही.

सेल बदलला, तारीख लावली, पालुपद थांबलं.
"आता एका झटक्यात जातील," मी म्हटलं.
"थांबा," भाभी म्हणाल्या.
"अशीच गेली तर त्यांना वाटेल, एकाच दिवसात
मोटर जळली, झाली, डोळा गेला, आला.
आणि मी बसलेय लिहीत."

खुर्ची ओढली. एकेक पत्र उघडून
वर एक ओळ, एका बोटाने:
हे उरुसाच्या आधीचं.
हे चार दिवस लाईट नव्हती, त्यानंतरचं पहिलं.
हे होड्या उतरल्या त्या आठवड्यातलं.
मोटर आता चालतेय, तरी वाचा.

शेवटच्याशी बोट थांबलं.
दारावरून तिसऱ्यावाली ओरडत गेली, त्यांनी हाक दिली नाही.
मग लिहिलं: हे कधीचं ते आठवत नाही.

सात गेली आणि नेट गेलं.
चहा झाला, आलं जास्त पडलेलं.
नेट आलं, उरलेली चार गेली.
दीडशे मागितले, दोनशे दिले, वर वाटीभर सोडे.
मेलेला सेल मात्र मागून घेतला.

तीन दिवसांनी फोन. मी शृंगारतळीत
कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये मनगटापर्यंत.
"भाऊ, उत्तर आलं. अकरांना मिळून एकच.
विचारतायत, काही नाही म्हणजे काय?"

मी म्हटलं, लिहा ना. आता जाईल.
"हो," भाभी म्हणाल्या, "आता जाईल."
पण फोन ठेवला नाही.
मीही धरून उभा, रिसिव्हरला शाई लागत होती.